वात सोन्याच्या काट्यावर

वातीच्या रिळावरचा जाडीचा नंबर तोच, विणही दिसायला तशीच. तरी नव्या रिळाची वात घातलेली मेणबत्ती दुसऱ्या तासालाच काजळी धरायला लागली.

जळगावला घरीच मी काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्या करते. सोया आणि पॅराफिन मिसळून, कारण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की इथे निव्वळ सोया मेण ग्लासातच मऊ पडतं. दिवाळीच्या ऑर्डरसाठी नवं रीळ मागवलं होतं. नवं रीळ आलं की आधी एक ग्लास भरायचा, आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायचा आणि जाळून बघायचा, ही आमची पद्धत. गणपती उठल्यावर भरलेला ग्लास नवरात्रात पेटवला.

ऑक्टोबरचा उकाडा आणि पंखा बंद. वाऱ्याने ज्योत एका अंगाला झुकली की त्या बाजूची काच काळी पडते आणि दोष वातीचा की पंख्याचा ते कळत नाही. म्हणून भाची आणि मी घाम पुसत बसलो. दर तासाला मेण कुठवर वितळलं, किती खोल, ज्योत केवढी, सगळं वहीत. पेटवण्याआधी वजन, चार तासांनी विझवल्यावर पुन्हा वजन.

आमचा ग्लास 7 सेंटिमीटर व्यासाचा. इंचाला साधारण एक तास हा हिशेब धरला, तर मेण कडेला पोचायला पावणेतीन तास हवेत. वात बारीक असेल तर मधेच खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं. इथे उलटं झालं. दीड तासातच कड गाठली, काच हात लावता येईना इतकी तापली आणि वातीच्या टोकाला काळं बोंड आलं. वात कापली होती नेहमीसारखीच, 6 मिलिमीटर. भाची म्हणाली, "मावशी, अत्तर जास्त पडलं असेल." शंका बरोबर होती, जास्त अत्तरानेही बोंड येतं. पण वहीत अत्तर, मेण, ग्लास सगळं उन्हाळ्यातल्या नोंदीसारखंच होतं. बदललं होतं फक्त रीळ.

मग जुन्या रिळाची उरलेली वात आणि नवी, दोन्ही एकेक मीटर कापल्या. मेणात न बुडवलेल्या, कोऱ्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्याला एवढं हलकं वजन कळत नाही, पण जळगावात बारीक काट्याची काय वाण! गल्लीतल्या सराफ काकांकडे गेले. ते हसले, "काय वो माय, आते वातबी सोनाना काटावर?" जुनी भरली 1.12 ग्रॅम, नवी 1.36. म्हणजे सूतच जास्त. वात जाड, मेण जास्त ओढणार, ज्योत मोठी होणार.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, नंबर तोच आहे." माल दुसऱ्या कारखान्याचा आहे, हे बरंच खोदून विचारल्यावर सांगितलं.

शेजारणी म्हणतात, कापसाच्या मुलखात राहून वात बाहेरून कशाला मागवतेस? समईची वळलेली वात तेलाला ठीक. मेणबत्तीची वात विणलेली लागते. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि आपोआप जळून जातं. फ्रान्समध्ये ही युक्ती 1820 च्या दशकात निघाली. त्याआधी वात सारखी कात्रीने छाटावी लागे.

त्याच कारखान्याची एक नंबर लहान वात मागवली. ती मीटरला 1.15 भरली आणि मुरवून जाळली तेव्हा मेण पावणेतीन तासांच्या आसपास कडेला लागलं, बोंड नाही. तोवर जुन्या वातीचे तयार ग्लास आधी भुसावळला पाठवले. जाड वात फेकली नाही, रुंद ग्लासासाठी ठेवली आहे.

आता वहीत नंबराच्या आधी मीटरचं वजन लिहितो, आणि तेच ग्लासाच्या बुडाच्या चिठ्ठीवर. जानेवारीत पहाटेच्या थंडीत हीच वात पुन्हा जाळून बघायची आहे. गार खोलीत कडेचं मेण उशिरा सुटतं.