बोटावरची गाठ आणि ३७ अंशांचा हट्ट : माझा अनुभव

शिंगाळा मासा साफ करताना काटा बोटात घुसणं ही कोकणात काही बातमी नव्हे. हळद दाबली, विसरलो. तीन आठवड्यांनी त्याच जागी जांभळट गाठ. मग मनगटाकडे ओळीने आणखी दोन. ही ओळ लक्षात ठेवा. लसिकावाहिन्यांच्या वाटेने हातावर अशी माळ चढू लागली, तर अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकचे कोर्स करत बसू नका. मी दोन केले, फुकट गेले.

उभी नोकरी प्रयोगशाळेत झाल्यामुळे संशय कोणाचा घ्यायचा ते ठाऊक होतं : मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद, पण माशांचा. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. मासा खंगत जातो, प्लीहेत आणि मूत्रपिंडात करड्या गाठी धरतात. माणसात तो कातडीवरच्या जखमेतून शिरतो. शिजवलेला मासा खाऊन होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात ताट-वाटी वेगळी करायची भाषा सुरू झाली होती, ती आधी बंद केली.

डॉक्टर चांगले भेटले, भूल देऊन तुकडा काढला, दहा मिनिटांचं काम. आणि तिथल्या मदतनिसाने तो सवयीने अख्खा फॉर्मॅलिनमध्ये टाकला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, कसलं? रिपोर्ट आला ‘ग्रॅन्युलोमा (दाहाची गाठ), क्षयसदृश’. म्हणजे पुन्हा टाके. तुकडे दोन घ्यायला सांगा : एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी. सलाइन दोन-तीन मिलिलिटर, तुकडा सुकू नये एवढंच. बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवा, पण गोठू देऊ नका. नुसता स्वॅब देऊन भागत नाही, त्यात जंतू फार थोडे येतात.

आता खरा वैताग. दुसरा तुकडा घेऊन मी कलेक्शन सेंटरच्या खिडकीवर. फॉर्मवर नमुन्याचे रकाने : थुंकी, छातीतलं पाणी, लघवी, इतर. मी ‘इतर’पुढे लिहिलं, ‘बोटाची त्वचा, माशाचा काटा, ३० अंशांवरही लावावे.’ खिडकीतला मुलगा म्हणाला, “काका, सिस्टिममध्ये तापमानाचा रकाना नाही.” त्याने टाइप केलं ‘टिश्यू, टीबी कल्चर’ आणि बारकोड चिकटवला. काटा गेला, ३० गेले, त्वचा हा शब्दसुद्धा गेला.

यात काय अडतं ते सांगतो. क्षयाचा जंतू ३७ अंशांना वाढतो, म्हणून द्रव माध्यमाच्या स्वयंचलित यंत्राचं तापमान ३७ वर बांधलेलं असतं. मॅरिनमला मात्र ३० ते ३३ मानवतं. ३७ ला तो बहुतेक वेळा वाढतच नाही, म्हणून तर आजारही हात-कोपरासारख्या थंड भागात राहतो. नमुना नुसता यंत्रात गेला, की ४२ दिवसांनी ‘वाढ नाही’ येणार, आणि तो रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असणार! जीन एक्स्पर्ट ही जनुकीय चाचणीही ‘आढळला नाही’च म्हणते, कारण ती क्षयाच्या जंतूंचा गट शोधते. उलट मांटू, म्हणजे क्षयासाठीची कातडीवरची चाचणी, पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यावरून ‘टीबीच आहे’ म्हणून मोकळे होणारे भेटतात. नेहमीच्या टीबीच्या गोळ्यांतली पायराझिनामाइड तर या जंतूवर चालतच नाही.

खिडकीवर तीन खेपा घातल्या, हेल्पलाइनवर दोनदा ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ ऐकलं. शेवटी मुंबईच्या मुख्य लॅबमधल्या कल्चर विभागाचा थेट नंबर मिळवला. तिथल्या बाईंना दोन वाक्यांत कळलं : “त्वचा आहे का? मग एलजेची एक नळी ३० वर ठेवते.” (एलजे म्हणजे अशा जंतूंसाठीचं घट्ट माध्यम.) एवढंच हवं होतं. खिडकीशी वाद घालू नका, टेबलावर काम करणाऱ्याला गाठा. आणि नमुना शुक्रवारी पाठवू नका, रविवार मध्ये येतो.

अरे हो, आधी सांगायला हवं होतं : नमुना देण्यापूर्वी डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक सुरू असेल तर डॉक्टरांना विचारा, उगवण दबते. आणि गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका.

बाराव्या दिवशी बाईंचा फोटो आला : नळीत मळकट पांढऱ्या वसाहती. मी लिहिलं, “तासभर उजेडात ठेवून बघा.” दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो, लिंबासारखा पिवळा. उजेडात रंग धरणं ही या जंतूची खूण. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाने झाला नव्हता.

औषध डॉक्टरांनी वजनावर ठरवलं : क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल. इथॅम्ब्युटॉलसाठी आधी डोळे तपासले, लाल-हिरवा ओळखणं बिघडू शकतं. गाठी बसल्यावरही दीड महिना गोळ्या चालू ठेवल्या, एकूण साडेचार महिने. हातमोजे आता जाड रबरी.

४२ व्या दिवशी यंत्राचा रिपोर्टही आला. ‘वाढ नाही.’ त्याचे पैसे वेगळे लावले.