गवताखालचा हॅनोव्हर स्ट्रीट

केप टाउनला लोक जातात ते टेबल माउंटनसाठी, नाहीतर रॉबेन बेटावरची मंडेलांची कोठडी बघायला. मी गेले एका छोट्या कादंबरीपायी. दक्षिण आफ्रिकेचा लेखक अ‍ॅलेक्स ला गुमाची ‘अ वॉक इन द नाइट’. कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली आणि तेव्हापासून ती ज्या वस्तीत घडते, ती डिस्ट्रिक्ट सिक्स एकदा पायांनी बघायची होती.

वस्ती आता नाही, हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं.

जानेवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर न्यायालयाच्या एका इमारतीबाहेर दोन लाकडी बाकं आहेत. एकावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’, दुसऱ्यावर ‘फक्त गोरेतरांसाठी’. आठवण म्हणून ठेवलेली. वर्णभेदी सरकारच्या 1950 च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला, आणि कुणाचा शिक्का कोणता यावर तंटा झाला की सुनावणी इथे व्हायची. त्या काळात केसांत पेन्सिल खोचून बघायचे: गळून पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. सख्खी भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत गेली. मी बाकाजवळ बराच वेळ उभी होते. बसावंसं वाटलं नाही, दोन्हींपैकी कुठल्याच बाकावर.

तिथून चालत डिस्ट्रिक्ट सिक्स. 11 फेब्रुवारी 1966 रोजी सरकारनं ही वस्ती ‘गोऱ्यांची’ जाहीर केली आणि पुढच्या दीड दशकात साठ हजारांवर माणसं उचलून शहराबाहेरच्या रेताड केप फ्लॅट्सवर नेऊन टाकली. घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्चेस तेवढी सोडली. आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. इथे मात्र वस्ती शहराला अगदी लागून, बंदराच्या वर, डोंगराच्या कुशीत होती, आणि हाकलून कुसाबाहेर नेली. आज मधल्या मोठ्या पट्ट्यात नुसतं वाळलेलं गवत आहे. समुद्राकडून सुटलेला वारा ते आडवं करत होता, आणि मध्येच विटांचा एखादा तुकडा, फरशीची एखादी कड दिसत होती.

तिथेच एका दगडावर बसून पुस्तक उघडलं. गोष्ट एका संध्याकाळची आणि रात्रीची. मायकेल अ‍ॅडोनिसला कारखान्यातून काढून टाकलंय. लघवीला गेला म्हणून गोऱ्या फोरमननं झापलं, यानं उलट उत्तर दिलं, एवढंच. घरी येताना रस्त्यात दोन पोलीस अडवून खिसे रिकामे करायला लावतात. फोरमनला मारता येत नाही, पोलिसांना मारता येत नाही. रात्री चाळीत परतल्यावर त्याच्या हातून मरतो तो शेजारच्या खोलीतला अंकल डाउटी. म्हातारा, आजारी, दारूत बुडालेला गोरा नट. आळ येतो विलीबॉय नावाच्या तिसऱ्याच पोरावर. कॉन्स्टेबल राल्ट बायकोवरचा राग डोक्यात घेऊन गस्तीवर निघालेला असतो. तो विलीबॉयला गोळी घालतो, गाडीत टाकतो आणि वाटेत सिगारेटी घ्यायला थांबतो. पोरगा मागे रक्त ओकत मरतो.

ते सिगारेटचं पान मी आजवर कितीदा वाचलंय, पण त्या गवतात ते वाचवेना.

हिंसा वरून खाली घरंगळत येते आणि सगळ्यात खाली जो असेल त्याच्यावर आदळते, हे मला या पुस्तकानं दाखवलं. त्यात एकही भाषण नाही, कुणी पुढारी नाही. आणि लिहिणारा कोण? 1956 मध्ये 156 जणांवर राजद्रोहाचा खटला भरला, त्यातला एक. 1962 मध्ये पुस्तक छापलं गेलं ते दूर नायजेरियात, इबादानला. स्वदेशात त्याच्या लेखनातली एक ओळ उद्धृत करणंही गुन्हा होता. ज्या 1966 मध्ये त्याच्या जन्मवस्तीवर शिक्का बसला, त्याच वर्षी तो देश सोडून गेला. 1985 मध्ये हवानात वारला. या गवतावर त्याला परत येता आलं नाही.

बाउटनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे. छतापासून रस्त्यांच्या नावांच्या पाट्या टांगल्यात. पाडकामावरच्या एका गोऱ्या मुकादमानं त्या फेकून न देता घरी लपवून ठेवल्या होत्या. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलाय आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिलीत.

त्या नकाशापाशी एक सत्तरीपुढचे गृहस्थ भेटले. मी पुण्याची म्हटल्यावर इंग्रजी थांबवून म्हणाले, “गाव कंचा?” कोकणी मुसलमान. आजोबा मुरुड-जंजिऱ्याकडचे, बोटीनं आलेले. भाषा आता चार शब्दांपुरती उरलीय, ‘भाकरी’ मात्र स्पष्ट. मी त्यांना चाचा म्हणू लागले.

त्यांनी ती कादंबरी वाचली नव्हती. “आम्ही वाचायच्या वयात होतो तेव्हा ती मिळत नव्हती, बेटा.” मग मी गोष्ट सांगितली. चाळीचा जिना आला तेव्हा ते मध्येच म्हणाले, “अंधारा, ना? खाली कचऱ्याचे डबे?” मी होकार दिला. “आमचाही तसाच होता.” शेवटी विचारलं, “आणि तो पोरगा? जगला?”

“नाही. गाडीतच गेला.”

ते काही बोलले नाहीत. कठड्याला धरून सावकाश गुडघ्यांवर बसले आणि नकाशावर हॅनोव्हर स्ट्रीट शोधू लागले. हे आमचं घर. हे समोरचं, आईच्या मैत्रिणीचं. दोघी एका चुलीवर सणाचं करायच्या. कायद्यात आम्ही ‘इंडियन’ आणि ती ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाची, म्हणून आम्हाला रायलंड्सला जावं लागलं आणि तिला हॅनोव्हर पार्कला. आईची आणि तिची भेट मग क्वचितच झाली.

त्यांनी अंगठा नकाशावर टेकवला. दोन्ही घरं त्याखाली झाकली गेली.