रिपोत नव्हतं, पॉडमध्ये होतं

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. सकाळी चहा घेताना फोन बघितला तर टीमच्या ग्रुपवर एकच विषय, लॉगफोरजे, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) लिहिणारी जावा लायब्ररी. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर गेला की ती आपणहून बाहेरच्या एलडॅप (डिरेक्टरी) सर्व्हरकडे जाते आणि तिथला कोड आणून चालवते, गंभीरता १० पैकी १०. आणि आमच्या क्लाउडवर कुबरनेटीसमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत, चाळीसेक सर्व्हिसेस, निम्म्याहून जास्त जावाच्या.

आधी रिपो, म्हणजे कोडचे साठे, शोधले, बऱ्याचशा सर्व्हिसेस स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या, त्यात डीफॉल्ट लॉगबॅक ही वेगळी लॉग लायब्ररी असते म्हणून जीव जरा भांड्यात पडला. पण मन मानेना, कारण प्रॉडक्शनला चालते ती इमेज, म्हणजे कोड आणि लायब्ररींचं बांधलेलं पॅकेज, रिपो नाही. म्हणून एकेका पॉडमध्ये (इमेज जिथे चालते तो कुबरनेटीसचा डबा) शिरून जार, म्हणजे जावाच्या बांधलेल्या फाइल, उघडत बसले, आणि पीडीएफ बनवणारी एक जुनी सर्व्हिस, जिची इमेज दीड वर्ष कुणी बिल्डच केली नव्हती, तिच्यात जारच्या आत जार आणि त्याच्या आत तो बाहेर जाऊन कोड आणणारा जेएनडीआय लुकअपचा क्लास. लॉगफोरजेचं व्हर्जन २.१३.३. पोटात गोळाच आला. इन्ग्रेसचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्यांचे, लॉग काढले तर युजर एजंटच्या, म्हणजे ब्राउझरच्या नावाच्या, जागी तोच मजकूर पहाटेपासून येत होता.

पॉडने कुणाशी बोलायचं हे ठरवणारी नेटवर्क पॉलिसी नसेल तर पॉड बाहेर कुणाशीही बोलू शकतो, हे आम्हाला माहीत होतं तरी लावली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. घाईत सगळं एग्रेस, म्हणजे पॉडमधून बाहेर जाणं, बंद केलं आणि दोन मिनिटांत सगळीकडे अननोन होस्टची एरर, कारण नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचं ५३ पोर्टही त्यातच बंद झालेलं. आमचे सीनियर फोनवर शांतपणे म्हणाले, "अगं, कोअरडीएनएसला तेवढी वाट दे आधी." क्लस्टरच्या त्या डीएनएस सर्व्हरला वाट दिली, सगळं चालू झालं, पण मग लक्षात आलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेली पासवर्डसारखी गुप्त की (किल्ली) होस्टच्या नावात घालून याच वाटेने, नुसत्या डीएनएस क्वेरीतूनही बाहेर नेता येते, आणि पीडीएफवाल्या सर्व्हिसला स्टोरेजची की तशीच दिलेली होती! नेटवर्कच्या फ्लो लॉगमध्ये एलडॅपच्या ३८९ किंवा १३८९ पोर्टवर बाहेर गेलेलं काही दिसलं नाही, तरी सगळ्या की बदलल्या, जारमधून तो क्लास काढून इमेज नव्याने बिल्ड केली, रात्री अडीचला शेवटचा पॉड रेडी झाला.

पुढे कळलं लॉगफोरजेचं दुरुस्त केलेलं २.१५ पुरेसं नाही, मग २.१६ आणि पाठोपाठ २.१७. पण २.१७ च्या वेळी कुठे काय बदलायचं याची यादी वीस मिनिटांत निघाली, कारण तोवर चालू असलेल्या प्रत्येक इमेजमधल्या लायब्ररींची नोंद आम्ही बिल्डच्या पाइपलाइनमध्येच घेत होतो. ती पीडीएफवाली सर्व्हिस आता दर सोमवारी नव्याने बिल्ड होते, कोडची एक ओळ बदललेली नसली तरी.