सोलापूरची तालीम आणि डोळे मिटून खडाखडी

संक्रांतीला सोलापूर गाठलं ते गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघायला, पण मित्राच्या काकांनी तालमीत नेलं आणि आता लिहायला बसलोय तर तालमीबद्दलच लिहावंसं वाटतंय. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली होती (१२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांवरून हे नाव, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा, डब्यात कुणाला विचारून बघा किती जणांना माहितीय ते).

पहाटे आखाड्यात पाय ठेवला तर माती एकदम गार. ताक, तेल, हळद, कापूर घालून मळलेली, नाकात वास बसतो तो दुपारपर्यंत जात नाही. मी ज्युडो खेळतो म्हटल्यावर वस्तादांनी वर-खाली बघितलं आणि एका दहावीतल्या पोराशी जोड लावली. डाव-बिव काही नाही, नुसती खडाखडी, म्हणजे एक हात त्याच्या मानेवर, दुसरा मनगटावर, आणि दोघांनी डोळे मिटायचे. पहिली ओरड लगेच आली, "दाबू नको बे! दाबलास की तुला त्याचं काय कळंना, त्याला तुझं सगळं कळतंय."

आणि खरंच आहे ते. आपण मनगट आवळून धरलं की आपलाच हात ताठ होतो आणि त्या ताणात समोरच्याची बारीक हालचाल हरवून जाते. हात सैल पण चिकटलेला ठेवला तर हळूहळू कळायला लागतं, त्याचा श्वास, वजन कुठल्या पायावर आहे, आणि सगळ्यात भारी म्हणजे पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, तो खाली घुसायच्या आधीच मानेमागचा स्नायू तळव्याखाली तट्ट होतो. तेवढ्यात कोपर आत घेतलं तर पट अडतो. ज्युडोत आम्ही जाड जॅकेटच्या कापडातून हे वाचतो, इथे घामेजलेली उघडी कातडी आणि वर माती, पकड टिकतच नाही, त्यामुळे हाताला सतत नव्याने शोधावं लागतं. माझ्या मते शिकायला हेच जास्त चांगलं.

डोळ्याने बघून रिअ‍ॅक्ट व्हायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, स्पर्शाला त्याहून जरा कमी. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट अशी की डोळ्याला फसवता येतं, खांद्याने नुसती हूल दिली की आपण हललोच, पण अंगाला अंग लागलं की वजनाची हूल देणं फार अवघड. म्हणून विंग चुन या चिनी कुंगफूमध्ये ची साओ, ताई चीमध्ये पुश हँड्स (दोन्हीत हाताला हात चिकटवून समोरच्याचा जोर ओळखायचा), आणि १८८२ ला कोडोकान काढणाऱ्या कानो जिगोरोंच्या ज्युडोत कुझुशी, म्हणजे आधी तोल मोडा मग फेका, सगळ्यांचं गाडं इथेच येतं. फक्त काही क्लासमध्ये दोघं वर्षानुवर्षं ठरलेल्या लयीत हात फिरवत बसतात, कुणी खरा जोर लावतच नाही, त्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. तालमीत तो प्रश्नच येत नाही, डोळे मिटलेले असले तरी तो पोरगा मला पाडायलाच आला होता आणि पाडलंही बऱ्याचदा.

डोळे मिटून कसली कुस्ती असं वाटत असेल तर पॅरालिम्पिकमधला ज्युडो बघा. तिथे दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच मॅच सुरू होते, कारण खेळाडू दृष्टिहीन किंवा अगदी अंधुक दिसणारे. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कपिल परमारने ब्रॉन्झ आणलं ते यातच.

त्याच दिवशी जत्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघितली. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी एवढा उंच ध्वज तोलत चालतात आणि मी मात्र वर न बघता त्यांच्या कंबरेकडे आणि पायांकडेच बघत होतो, ध्वज कलायला लागायच्या आत पाऊल पडलेलं असायचं. गर्दीत बाजूच्या आजी वैतागल्या, "अरे वर बघ की, खाली काय बघतोस!"

कुणाला तालमीत जायचं असेल तर ओळख काढून जा, वस्तादांना विचारल्याशिवाय आखाड्यात उतरू नका, नखं कापून जा, आणि कान साफ करायला बड्स न्या, माती दोन दिवस निघते. नंतर कडक भाकरी आणि शेंगा चटणी, दह्यासोबत, ती मात्र डोळे उघडे ठेवून खा कारण ती लय तिखट असते.