पालखी कुठून येणार?

दापोली, फेब्रुवारी. रात्र.

आज एक भाचा मावशीला घेऊन ऑफिसात आला. बसल्या बसल्या तोच बोलायला लागला: सातबाऱ्यावर सगळीकडे दिराचंच चालतं, मावशीचा हिस्सा मागायचाय, वाटपाचा दावा लावा. आठ-अ, फेरफार, सगळे कागद व्यवस्थित लावून आणले होते. बाई मात्र गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी भाच्याला बाहेर बसायला सांगितलं, ज्युनिअरला लॅपटॉप मिटायला लावला आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

आधी घराची कौलं आली. मग मुंबईचा मुलगा, मग यंदा सुपारी कशी गळली ते. बराच वेळ गेला. आणि मग, जाता जाता: "गणपती त्याच वाटेनं आणला. आता शिमग्याला पालखी कुठनं येणार? गडगा घातलान ना त्यानं."

फाइलमध्ये गडग्याचं, म्हणजे त्या दगडी कुंपणाचं, नावही नव्हतं.

दिराच्या जागेतून घराकडे आणि मागच्या नारळ-सुपारीच्या वाडीकडे जाणारी जुनी वाट. चाकरमानी परत गेल्यावर त्याने ती चिरे लावून बंद केली. वाटपाचा दावा लावला तर तो चालेल तेव्हा चालेल. पण शेताकडे, बागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. गणपती त्या वाटेनं आला, म्हणजे तेव्हा ती मोकळी होती. गडगा त्यानंतरचा. मुदत अजून आहे, थोडीच आहे. पालखीचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नसतं तर मी वाटपाचा मसुदा करत बसले असते आणि मार्च निघून गेला असता.

आपल्याकडे तारखा अशाच येतात. पक्षकार "अमुक तारखेला" म्हणत नाही. तो म्हणतो, फयान आलं त्या साली, निसर्ग वादळात माड पडले त्याच्या आदल्या पावसाळ्यात, धाकटीच्या लग्नाच्या वर्षी. निसर्ग 3 जून 2020 ला आलं, फयान नोव्हेंबर 2009 मध्ये, हे आपल्याला माहीत असलं की त्या गप्पांतून साल बरोबर निघतं. ताब्याच्या दाव्यात 12 वर्षं मोजायची असतात, वहिवाटीच्या हक्कात 20. सगळी केस त्यावर उभी राहते किंवा पडते. अशा माणसाला "मुद्द्याचं बोला" म्हणणं मला अजिबात पटत नाही. मुद्दा कुठला, हे त्याला कसं कळणार? ते ओळखण्याचेच तर पैसे आपण घेतो.

आणि घरच्या माणसासमोर बाई बोलत नाहीत, हे पुन्हा दिसलं. भाचा वाईट नाही, मनापासून धावपळ करतोय. पण हिस्सा त्याला हवा आहे, मावशीला वाट हवी आहे. (इथे ओळख पटेल असं सगळं बदललंय. पक्षकाराचं बोलणं वकिलाने बाहेर नेऊ नये, हे 1872 च्या पुरावा कायद्यात होतं. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 132 मध्ये आहे.)

उठताना सहज विचारलं, गणपती आणतानाचा फोटो आहे का? मुलाच्या मोबाइलवर आहे म्हणाल्या. डोक्यावर पाट, मागे पोरं, आणि ती वाट. उद्या सकाळी पहिला फोन त्या मुलाला: फोटो पुसू नकोस, मोबाइल बदलू नकोस, मोबाइलमधला फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. मग अर्ज. दुपारी भाच्याला बोलावलंय, हिश्श्याचं पुढे बघू हे त्याला मावशीसमोरच सांगणार आहे.