वर्गमूळ तसेच राहू द्या

आपल्या शाळेत दहावीला बीजगणित शिकवणाऱ्या सरांचा एक आग्रह होता. वर्गसमीकरणाची मुळे ३ + √७ आणि ३ − √७ अशी आली, तर ती तशीच लिहायची. कोणी √७ ची किंमत २.६४ धरून पुढचे गणित करू लागले, की सर फळ्याजवळूनच विचारत, "दशांश काहून काढून राहिली? विचारला का कोणी?" तेव्हा आम्हाला तो परीक्षेतील गुणांपुरता प्रश्न वाटे. आज मी नागपुरातच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि संगणकावर मॅक्सिमा नावाची प्रणाली रोज वापरते. सरांचा तो आग्रह गणिताच्या किती मुळाशी जाणारा होता, हे मला या प्रणालीबरोबर काम करताना समजले, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला आहे.

मॅक्सिमा हा एका अर्थी कॅल्क्युलेटरच आहे, पण त्याला बटणे नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची, शेवटी अर्धविराम द्यायचा आणि एंटर दाबायचे, की खालच्या ओळीत उत्तर येते. प्रत्येक प्रश्नाला आणि प्रत्येक उत्तराला क्रमांक मिळतो, त्यामुळे सातव्या ओळीचे उत्तर विसाव्या ओळीत नुसत्या क्रमांकाने वापरता येते. याचे मूळ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रकल्पात आहे. टेक्सास विद्यापीठात गणित शिकवणारे विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून त्याची एक आवृत्ती एकहाती सांभाळली, १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडून मिळवली आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत ते तिच्यावर काम करीत राहिले. माझे विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर एक रुपयाही न देता ही प्रणाली वापरतात, त्याचे श्रेय या माणसाला आहे, आणि हे मी त्यांना आवर्जून सांगते.

क्ष² − ६क्ष + २ = ० हे समीकरण तिला सोडवायला दिले, तर उत्तरात ३ − √७ आणि ३ + √७ हीच मुळे येतात. दशांश हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. अपूर्णांकांचेही तसेच आहे: एक तृतीयांशात एक षष्ठांश मिळवला, तर उत्तर १/२ येते.

या अचूकपणाचे मोल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीत, विशेष कळते. एक उदाहरण मी वर्गात नेहमी घेते. पहिल्या ओळीत १, १/२, १/३, दुसरीत १/२, १/३, १/४ आणि तिसरीत १/३, १/४, १/५ असे घटक असलेली मॅट्रिक्स घ्यावी. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९४ मध्ये अभ्यासलेल्या कुळातील ती आहे. मॅक्सिमा तिचा निश्चयक, म्हणजे तिच्या घटकांवरून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या, १/२१६० (सुमारे ०.०००४६३) अशी देते, आणि तिच्या व्यस्त मॅट्रिक्समधले (जिने गुणल्यास एकक मॅट्रिक्स मिळते तिच्यातले) सगळे घटक पूर्णांक निघतात. पहिलीच ओळ ९, −३६, ३० अशी आहे. आता हेच घटक दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे १/३ ऐवजी ०.३३ असे लिहून पाहावे. बदल किती, तर एकाच घटकाच्या तीन जागांवर शतांशाचा एक तृतीयांश. पण निश्चयक ०.००००६३ वर येतो, म्हणजे मूळ किमतीच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी होतो, आणि व्यस्त मॅट्रिक्समधला पहिला घटक ९ वरून ५५ च्या पुढे जातो. कारण असे, की या मॅट्रिक्सच्या तिन्ही ओळी एकमेकींच्या फार जवळ आहेत. त्यांतला फरकच इतका लहान आहे, की थोडीशी काटछाट त्याचा बहुतेक भाग खाऊन टाकते. विद्यार्थी आधी हे वहीत करतात, मग पडद्यावर पाहतात, आणि त्यानंतर दशांश कधी घ्यावा हे मला सांगावे लागत नाही.

सरांचा दुसरा आग्रह अटींचा होता. वर्गसमीकरणाच्या व्याख्येपुढे "अ शून्य नाही" हे शब्द नसले, तर ते व्याख्याच मानत नसत. मॅक्सिमाला क्ष च्या न व्या घाताचे संकलन (इंटिग्रेशन) विचारले, तर उत्तराआधी तीच उलट विचारते, "न ची किंमत −१ आहे का?" कारण त्या एका किमतीला सूत्र बदलते आणि उत्तरात लॉगॅरिदम येतो. क्ष² चे वर्गमूळ विचारले तर ती क्ष न देता क्ष चे केवल मूल्य देते, कारण क्ष ऋण असू शकतो. मला हे फार आवडते. परंतु अक्ष² + बक्ष + क = ० सोडवायला सांगितले, तर ती अ बद्दल काहीही न विचारता सूत्र समोर ठेवते. अ शून्य असेल तर ते सूत्र निरर्थक आहे, हे लक्षात ठेवण्याचे काम आपल्याकडेच राहते. या ठिकाणी सर यंत्राहून अधिक काटेकोर होते, असे मी पूर्ण आदराने म्हणेन.

मॅट्रिक्सच्या गुणाकारातही असाच सावधपणा लागतो. दोन मॅट्रिक्समध्ये ताराचिन्ह घातले, तर मॅक्सिमा समोरासमोरच्या घटकांचा गुणाकार करते. ओळींचा स्तंभांशी होणारा खरा गुणाकार हवा असेल तर टिंब घालावे लागते. दोन्ही वेळा उत्तर नीटनेटकेच दिसते, म्हणून एक घटक तरी हाताने पडताळून पाहावा असे मी सांगते.

आलेखांसाठी मॅक्सिमा ग्नूप्लॉट या प्रणालीची मदत घेते. वर दिलेल्या समीकरणाचा अन्वस्त काढला, तर त्याचा सर्वांत खालचा बिंदू (३, −७) दिसतो आणि वक्र क्ष अक्षाला सुमारे ०.३५ आणि ५.६५ येथे छेदतो. आलेखकागदावर सात-आठ बिंदू घेऊन जे आपण शाळेत केले, तेच ग्नूप्लॉट करते. स्वतंत्रपणे वापरल्यास, वेगळे न सांगितले तर, −१० ते १० या टप्प्यात ते १०० बिंदू घेते आणि रेषांनी जोडते. म्हणूनच टॅन क्ष चा आलेख काढला, की जेथे फलाची किंमतच नाही तेथे उभ्या रेषा दिसतात. त्या आलेखाचा भाग नसतात. दोन बाजूंचे बिंदू जोडल्यामुळे त्या उमटतात. साइन ५०क्ष घेतले तर चित्र आणखी फसवे होते, कारण एक पूर्ण आवर्तन दोन शेजारच्या बिंदूंमधील अंतरात मावून जाते. बिंदूंची संख्या काही हजारांवर नेली, की खरे रूप दिसू लागते. आमचे सर आलेखावर प्रत्येक बिंदूचे निर्देशक लिहायला लावत, आणि आलेख किती बिंदूंवर उभा आहे हे त्यामुळे कधी लपून राहत नसे.

शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे नवी नसली तरी या प्रणालीला ती पुरेशी आहेत आणि एकदा बसवल्यावर तिला इंटरनेटही लागत नाही. मुख्याध्यापकांची अनुमती असल्यास नववी-दहावीच्या मुलामुलींबरोबर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसण्याची माझी तयारी आहे. पहिला प्रश्नही मी ठरवला आहे: क्ष⁴ + ४ चे अवयव पाडा. सुरुवातीला ते पडणारच नाहीत असे वाटते. ४क्ष² मिळवून तेच वजा केले, की दोन वर्गांचा फरक तयार होतो आणि क्ष² + २क्ष + २ व क्ष² − २क्ष + २ हे अवयव मिळतात. मॅक्सिमा ते क्षणात देईल, पण आधी प्रत्येकाने ते वहीत पाडलेले असावेत एवढीच माझी अट राहील.