ट्यूब अँपच्या उकाड्यातून खोली कशी सोडवली: माझा अनुभव

माझी ऐकायची खोली जेमतेम १० बाय ११ फूट, त्यात आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावलेली. चार ईएल३४चा (ईएल३४ म्हणजे आवाजाला ताकद देणारी मोठी काचेची ट्यूब) पुश-पुल अँप, म्हणजे ट्यूब जोडीने काम करणारा अँप्लिफायर, आणला आणि पहिले आठ दिवस मी दुसरं काही केलंच नाही, गाणारा समोर येऊन बसल्यासारखा आवाज. मग एक दिवस जाणवलं की दुसरी रेकॉर्ड संपायच्या आत मी घामाने भिजतोय आणि दार उघडायला उठतोय.

सगळ्यात आधी एक नुकसान झालं ते सांगतो. अँप रॅकच्या मधल्या कप्प्यात होता आणि ट्यूबच्या वर फळी फक्त चार इंचांवर. त्या फळीवर एक रेकॉर्ड तशीच आडवी राहिली. दुसऱ्या दिवशी लावली तर एका बाजूची कड उचललेली, प्रत्येक फेऱ्याला टोनआर्म (सुई धरणारा दांडा) वर-खाली होतोय. ती रेकॉर्ड मला फार जवळची होती, अजून वाईट वाटतं. त्याच दिवशी अँप सगळ्यात वरच्या फळीवर, मोकळ्या हवेत आणला. ट्रान्सफॉर्मरवर आधी हात ठेववत नव्हता, आता ठेवता येतो.

पण खोली तेवढीच तापायची! मग अँपमागे एक छोटा पंखा लावला. चेसिस छान गार लागायला लागलं, मी खूश, आणि दोन तासांनी थर्मामीटर बघतो तर ३५, बाहेर २९. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अँप गार करणं वेगळं आणि खोली गार करणं वेगळं, पंख्याने उष्णता अँपपासून फक्त हलवली, ती फिरून खोलीतच राहिली. (पंखा रॅकलाच स्क्रूने बसवला होता, त्याची थरथर अँपच्या सुरुवातीच्या छोट्या १२एएक्स७ ट्यूबमध्ये शिरून स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची, ती वेगळीच कटकट. तो पंखा काढूनच टाकला.)

मग हिशोब मांडला. एका ईएल३४चा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्ट, १.५ अँपियर, म्हणजे साडेनऊ वॅट नुसते तापण्यात. प्लेटला (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) ४३० व्होल्ट आणि ४० मिलिअँपियर धरले तर अजून १७ वॅट. चार ट्यूबचे मिळून शंभरच्या वर, त्यात छोट्या ट्यूब, रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर. वॅटमीटर लावला तर १५२, आणि गाणं चालू असो नसो आकडा जवळपास तोच. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे बंद खोलीत माझ्यासोबत अजून दीड माणूस बसवल्यासारखं झालं.

बायस, म्हणजे गाणं नसतानाही प्रत्येक ट्यूबमधून वाहणारा करंट, ४० मिलिअँपियरवरून ३५वर आणून पाहिला. प्लेटची मर्यादा २५ वॅट, तेव्हा ६९ टक्क्यांवरून ६०वर आलो, पण मीटरवर जेमतेम दहा-अकरा वॅट वाचले. खोलीला त्याने काही फरक पडत नाही, ट्यूबचं आयुष्य वाढतं एवढंच, म्हणून ३५वरच ठेवला. हे काम सवय नसेल तर करू नका, आत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतं.

शेवटी वरच्या व्हेंटिलेटरची काच काढून तिथे कॉम्प्युटरचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा बाहेर टाकतील असे बसवले, १२ऐवजी ७ व्होल्टवर, म्हणजे आवाज होत नाही. तरी काही होईना. कागदाची पातळ पट्टी पंख्यासमोर धरली तर नुसती लोंबकळत राहिली, आणि मग कळलं की दार मीच रबराने सील केलंय, बाहेरून हवा आत येणार कुठून? दाराच्या तळाशी भोक पाडून आतून फोम लावलेली, दोन वळणांची लाकडी नळी बसवली. वळणं आणि फोममुळे आवाज बाहेर फारसा जात नाही, हवा मात्र येते. पट्टी नळीच्या तोंडाशी धरली तर ताठ होऊन आत ओढली गेली, तो क्षण मी विसरणार नाही! खालून थंड हवा, वरून गरम बाहेर, बाहेर २९च असताना दोन तासांनी थर्मामीटर ३२.

अँपच्या आतले कपॅसिटरही आता कमी तापतात, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट धरतात, म्हणून मला हे खोलीच्या आरामाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बाहेरच ३५-३६ असेल तर मात्र पंख्यांनी काही होत नाही. त्या दिवशी दुपारी छोटा क्लास डी अँप (ट्यूब नसलेला, फारच कमी तापणारा) लावतो आणि ट्यूब रात्री, बाहेरची हवा उतरल्यावर, ऐकायच्या वीस मिनिटं आधी चालू करतो.